पिक्चर उतरवला अन फोन जाहिरातींनी भरला, रिसेट मारूनही पुन्हा तेच, काय करायचं?

प्रॉब्लेम असाय. फोनचं लॉक उघडलं की स्क्रीनभर जाहिरात, कधी रमीची, कधी पाच मिनिटात कर्जाची, कधी घरच्यांसमोर दाखवता येणार नाही अशी. वरून टिंग टिंग नोटिफिकेशन यायलेत की तुमच्या फोनमधे १३ व्हायरस सापडले, लगेच साफ करा. बॅटरी दुपारीच खाली, रोजचा दीड जीबी डेटा सकाळच्या चहापर्यंत संपलेला. माणूस वैतागून दुकानात येतो अन म्हणतो, भैय्या रिसेट मारून टाका. रिसेट मारला की थोडे दिवस गार, अन मग पुन्हा तोच फोन, तोच माणूस, तेच रडगाणं. बनी तो बनी नहीं तो परभणी, असा कारभार झालाय ह्या रिसेटचा.

मी परभणीतच मोबाईल रिपेरिंगचं दुकान चालवतो अन शुक्रवारी एखादा मोठा पिक्चर लागला की सोमवारपासून असे फोन टेबलावर यायला लागतात. म्हणून मी आधी फोन हातात घेत नाही, माणसाला विचारतो, शेवटचा पिक्चर कुठून उतरवला? उत्तर ठरलेलं असतं, मी नाही हो, लेकरानं केलं असंल. लेकराला विचारलं तर ते म्हणतं पप्पांनी. कोणी केलं त्याच्याशी मला काही घेणं नाही, मला एवढंच कळायला पाहिजे की त्या साइटवर गेल्यावर कशाकशाला हो म्हटलं, कारण इलाज त्याच्यावरच ठरतो.

तर आधी जाहिरात नेमकी कधी येते ते बघा. वरून पट्टी खाली ओढल्यावर नोटिफिकेशन म्हणून दिसत असंल, अन त्याच्यावर क्रोमचं चिन्ह अन बाजूला कसलंतरी विचित्र साइटचं नाव असंल, तर फोनमधे बहुतेक काही घुसलेलं नाही, तुम्ही फक्त एका साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी देऊन बसलात. इंटरनेट न उघडता, नुसत्या होम स्क्रीनवर किंवा दुसरंच ॲप चालू असताना मधेच सबंध स्क्रीन झाकली जात असंल, तर मग एखादं ॲप बसलंय. अन जाहिराती फक्त ब्राउझरमधे, त्यातही फक्त त्या पिक्चरच्या साइटवरच येत असतील तर फोन ठणठणीत आहे, साइटच तशी आहे, तिथं जायचं बंद करा एवढाच इलाज.

आता ह्या साइटचा धंदा कसा चालतो ते थोडं समजून घ्या, कारण ते कळल्याशिवाय हे पुन्हा पुन्हा कामून होतं ते कळणार नाही. पोरांना वाटतं कोणीतरी दिलदार माणूस फुकट पिक्चर वाटायलाय. साइटवाला पिक्चर विकतच नाही, तो तुमचं बोट विकतो. माळेगावच्या यात्रेत जनावराचा सौदा होताना दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, जनावराला कोणी विचारत नाही, तसं तुम्ही डाउनलोडवर बोट ठेवलं की तो क्लिक त्याच क्षणी जाहिरातवाल्यांमधे लिलावाला लागतो, ज्यानं जास्त दिले त्याच्या पानावर तुम्हाला ढकललं जातं. गुगलच्या किंवा चांगल्या कंपन्यांच्या जाहिराती ह्या साइटला मिळत नाहीत, मग उरतात कोण, तर सट्टा, बोगस कर्ज, बोगस क्लीनर, अन सरळ सरळ चोर. म्हणून एका पानावर पाच पाच डाउनलोड बटनं असतात अन त्यातलं खरं कोणतं ते लवकर कळू नये असंच पान बांधलेलं असतं. खऱ्या बटनावर दाबलं तरी पहिल्या दाबाला दुसरीच टॅब उघडते, मग लिंक छोटी करणारी साइट, तिथं दहा सेकंद थांबा, पुढच्या पानावर पुन्हा थांबा, मग 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा'. इथंच घात होतो. रोबोटबिबोट काही नसतं, ते अलाऊ म्हणजे नोटिफिकेशनची परवानगी.

टेलिग्रामवर घेतो, साइटवर जातच नाही, असंही बरेच जण छाती काढून सांगतात. तिथं बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारं खातं, तुम्हाला आधी दोन-तीन चॅनल जॉइन करायला लावतो, मग त्याच लिंक छोट्या करणाऱ्या साइटवर पाठवतो, कारण ॲडमिनला पैसे क्लिकचे मिळतात. दुकान बदललं, माल तोच.

साइट बंद कशी होत नाही हा प्रश्न नेहमीचा. बंद होते की, रोज होते. दिल्ली हायकोर्टानं एप्रिल २०१९ मधे निकाल दिला की अशी साइट नाव बदलून पुन्हा आली तर दरवेळी नवीन केस न करता आधीच्याच आदेशात तिचं नवं नाव जोडता येईल. त्यानंतर २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या माहिती प्रसारण खात्यानं तक्रार आल्यावर ४८ तासात कारवाई करायची म्हणून अधिकारी नेमले. पण साइटवाल्याला काय, सामान सगळं बाहेरच्या देशातल्या सर्व्हरवर पडलेलं, शेवटचे डॉटनंतरचे अक्षर बदलले की नवीन पत्ता तयार. अन ह्याचा तुम्हाला होणारा तोटा वेगळाच आहे, पत्ता सारखा बदलतो म्हणून लोक गुगलवर नाव टाकून शोधतात, अन तिथं त्याच नावाच्या नकली साइट बसलेल्या असतात, म्हणजे चोराच्या नावानं दुसरा चोर. जुन्या साइटवर निदान पिक्चर तरी मिळायचा, ह्या नकलीवर तेही नाही, नुसतं एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून ॲप टाकायची फाईल.

बरं, आता इलाज. नोटिफिकेशनवाला प्रकार असंल तर दोन मिनिटाचं काम. ते नोटिफिकेशन आलं की ढकलून देऊ नका, त्याच्यावर बोट दाबून धरा, साइटचं नाव दिसंल, तिथूनच बंद करता येतं. नाहीतर क्रोम उघडा, वरचे तीन टिंब, सेटिंग, साइट सेटिंग, नोटिफिकेशन, तिथं परवानगी दिलेल्या साइटची यादी असती, ओळखीची नाही ती सगळी काढून टाका. त्याच पानावर साइटनं विचारूच नये असंही करता येतं, ते करून टाका, बातमीच्या साइटचं नोटिफिकेशन आलं नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. अन दुसरा ब्राउझर असंल तर त्याच्यातही बघा, लई जणांच्या फोनमधे कंपनीचा स्वतःचा ब्राउझर असतो अन परवानगी तिथं दिलेली असती, हे लोक क्रोम साफ करत बसतात.

ॲपवाला प्रकार जरा चिवट. जाहिरात स्क्रीनवर आली की ती बंद करायच्या आधी अलीकडच्या ॲपचं बटन दाबा, चौकोन किंवा खालून वर सरकवतात ते, तिथं जाहिरातीच्या कार्डावर ॲपचं नाव नाहीतर चिन्ह दिसतं, तोच तुमचा पाहुणा. नाव नसलं, चिन्ह नुसतं पांढरं असलं तरी घाबरू नका, सेटिंगमधे सगळ्या ॲपच्या यादीत जा अन बिननावाचं, किंवा 'सिस्टिम अपडेट', 'व्हिडिओ प्लेअर एचडी' असं काहीतरी साळसूद नाव घेतलेलं, पिक्चर उतरवला त्याच सुमारास आलेलं ॲप शोधा. शिवाय सेटिंगमधे 'इतर ॲपवर दाखवा' म्हणून एक परवानगी असती, तिथली यादी बघा, टॉर्चच्या ॲपला दुसऱ्या ॲपच्या डोक्यावर बसायची काय गरज, लगेच बंद.

काढायला गेलं अन अनइन्स्टॉलचं बटन दबतच नाही, असं असंल तर त्या ॲपनं डिव्हाइस ॲडमिनची परवानगी घेतलेली असती, ती आधी सिक्युरिटीच्या सेटिंगमधून काढायची मग ॲप निघतं. तरी नाही निघालं तर सेफ मोड, बऱ्याच फोनमधे पॉवर बटन दाबून जे बंद करायचं चिन्ह येतं त्याच्यावर बोट धरून ठेवलं की विचारतो, काही फोनमधे चालू होताना आवाज कमीचं बटन धरावं लागतं. सेफ मोडमधे तुम्ही नंतर टाकलेली ॲप झोपलेली असतात, तेवढ्यात काढून घ्या. मग ॲक्सेसिबिलिटीमधे जाऊन बघा कोणाला परवानगी आहे. ही सगळ्यात वाईट परवानगी आहे, ती मिळाली की ॲप तुमची स्क्रीन वाचतं अन तुमच्या वतीनं बटनंही दाबतं. अँड्रॉइड १३ पासून गुगलनं प्ले स्टोअर सोडून बाहेरून टाकलेल्या ॲपला ती सहज मिळू नये म्हणून अडवणूक केलीये, पण चोर ॲप तुम्हालाच चित्रं दाखवून शिकवतं की इथं जा, हे तीन टिंब दाबा, निर्बंध काढा. एखादं ॲप एवढं शिकवायलंय म्हटल्यावर तिथंच ओळखायचं.

मेसेजची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी त्या ॲपला दिलेली दिसली तर मग हा जाहिरातीचा विषय राहत नाही, ओटीपीचा होतो. फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा, यूपीआय अन नेट बँकिंग थांबवायला सांगा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन, जितका लवकर तितकं बरं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात अन मधेच अडवले तरच अडतात. आधी फोन नीट करतो मग बघतो, असं करत बसू नका. शेतकऱ्याचं अनुदान, पीक विमा, सगळं एकाच खात्यात अन ते खातं त्याच फोनला जोडलेलं, अन त्याच फोनवर पोरगं रात्री पिक्चर उतरवायलंय, हे गणितच चुकीचंय. माझं तर म्हणणं, घरात एखादा जुना फोन पडला असंल तर पोरांना तो द्या अन त्यात बँकेचं सिम टाकू नका.

आता एक गंमत. कित्येकदा फोनमधे ॲप घुसायचं कारण पिक्चर न चालणं हे असतं. ३०० एमबीत सबंध पिक्चर बसवायचा म्हणून तो एचईव्हीसी नावाच्या व्हिडिओ फॉरमॅटमधे दाबलेला असतो, जुन्या फोनवर किंवा टीव्हीवर लावला की आवाज येतो अन चित्र येत नाही. मग माणूस त्याच साइटवर 'हा प्लेअर टाका'वर बोट ठेवतो. त्याची काही गरज नाही, प्ले स्टोअरवरचं व्हीएलसी फुकट आहे अन जवळपास सगळं चालवतं. व्हीएलसीमधेही जी फाईल कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं जोड सॉफ्टवेअर, मागते, पासवर्ड मागते, साइटवर जायला सांगते, ती फाईल पिक्चरच नाही, डिलिट करा.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी, म्हणजे नेट कॅफे, झेरॉक्सवाले, हॉस्टेलची पोरं. विंडोजमधे फाईलचं शेवटचं नाव लपलेलं असतं, त्यामुळं पिक्चरचं नाव, पुढं डॉट एमकेव्ही (व्हिडिओची फाईल) अन त्याच्याही पुढं डॉट ईएक्सई (चालणारा प्रोग्राम) असलं तरी तुम्हाला फक्त एमकेव्ही दिसतं. फोल्डरच्या व्ह्यूमधे जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन'वर टिक करा, पहिलं काम हे. झिप उघडल्यावर आत पिक्चरऐवजी शॉर्टकट निघाला, बाण असलेलं चिन्ह, तर दाबू नका. २०२४ मधे मँडियंट ह्या गुगलच्या सायबर सुरक्षा कंपनीनं दाखवलं होतं की पिक्चरच्या नावाच्या झिपमधे असाच शॉर्टकट ठेवून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम आत सोडले जायलेत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टला एक मोठं प्रकरण सापडलं, फुकट पिक्चर दाखवणाऱ्या साइटच्या व्हिडिओच्या चौकटीतच जाहिरातीचा धागा लपवलेला, तो लोकांना चार-पाच पानांवरून फिरवत शेवटी गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामवाले आपला कोड ठेवतात त्या साइटवर, ठेवलेल्या फाईलपर्यंत न्यायचा, अन जगभरात जवळपास १० लाख मशीनला त्याची झळ बसली. म्हणजे डाउनलोड नाही करत, ऑनलाइनच बघतो, म्हणणाऱ्यांनीही निवांत राहू नये. अन अलीकडं एक नवीनच निघालंय, 'मी रोबोट नाही'वर दाबलं की ते सांगतं विंडोजचं बटन अन आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. असं कुठलीच खरी साइट सांगत नाही. त्यानं तुमच्या हातानं तुमच्याच मशीनमधे कमांड चालवलेली असती.

तसं केलंच असंल तर विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं, म्हणजे डिफेंडरचं, ऑफलाइन स्कॅन चालवा, मशीन बंद होऊन आपलं आपण तपासतं. त्याच्या आधी डिफेंडरच्या एक्स्क्लुजनमधे बघा कुठला फोल्डर तपासणीतून सोडून द्यायला सांगितलेला आहे का, कारण फुकटचे सॉफ्टवेअर टाकताना आपणच अँटीव्हायरस बंद केलेला असतो अन चोर तेवढ्यात आपली जागा सुरक्षित करून घेतो. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे २०१७ पासून, तिथं सफाईची टूल फुकट मिळतात. मग पासवर्ड बदला, पण त्या मशीनवरून नाही, दुसऱ्या फोनवरून, अन बदलताना 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट'ही करा. हे चोर नुसता पासवर्ड नेत नाहीत, ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलतात, त्यामुळं लॉगआउट केल्याशिवाय पासवर्ड बदलूनही ते आतच राहू शकतात.

टीव्हीच्या डब्याचं सांगायचं राहिलं. बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स, सगळे चॅनल सगळे पिक्चर फुकट आयुष्यभर, म्हणून कोणी विकत असंल तर घेऊ नका. जून २०२५ मधे अमेरिकेच्या एफबीआयनं बॅडबॉक्स २.० ह्या बिघडवलेल्या डब्यांच्या जाळ्याबद्दल इशारा दिला, असे डबे कारखान्यातूनच बिघडवून येतात किंवा चालू करताना जे ॲप टाकायला सांगतात त्यातून बिघडतात, अन मग तुमच्या घरच्या इंटरनेटवरून दुसरेच लोक आपले धंदे करतात. ह्याला रिसेटनं काही होत नाही, कारण घाण मुळात आलेलीच असू शकते. वायफायवरून काढायचा अन बाजूला ठेवायचा, दुसरा इलाज मला तरी माहीत नाही.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ६३ मधे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद अन ५० हजार ते २ लाख दंड आहे. २०२३ मधे सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला, त्यात थिएटरमधे रेकॉर्डिंग करणाऱ्याला अन चोरीची कॉपी धंद्यासाठी लोकांना दाखवणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद अन दंड ३ लाखापासून पिक्चरच्या एकूण निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यापर्यंत. आपल्याकडून रात्री पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समधे पेन ड्राइव्ह लावून काल लागलेला पिक्चर दाखवतात, त्या मालकांनी हे दुसरं वाक्य दोनदा वाचावं. अन थिएटरात मोबाईल धरून बसणाऱ्या शहाण्यांनीही, पडद्यावरच्या चित्रात डोळ्याला न दिसणारी खूण असते, त्यावरून प्रिंट कोणत्या थिएटरातली, कोणत्या शोची, ते काढता येतं.

फुकटच पाहिजे असंल तर यूट्यूबवर कंपन्यांनी स्वतः टाकलेले मराठी पिक्चर लई आहेत, प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ पासून आहे. नवा पिक्चर नाही मिळत तिथं, खरंय. तालुक्याच्या गावात थिएटरच उरलं नाही मग बघायचं कुठं, हे पोरांचं म्हणणंही मला पटतं, पण त्याचं उत्तर त्या साइटवर नाही.

आता रिसेट मारूनही पुन्हा का येतं ते. एक म्हणजे माणूस पुन्हा तिथंच जातो, ते सोडून द्या. दुसरं, रिसेटनंतर फोन विचारतो जुना बॅकअप आणायचा का, आपण हो म्हणतो, अन प्ले स्टोअरवरून आलेलं ते बोगस क्लीनर नाहीतर वॉलपेपरचं ॲप यादीतून जसंच्या तसं परत येऊन बसतं. कॉम्प्युटरचंही तेच, विंडोज नवीन टाकलं तरी क्रोममधे लॉगिन केलं की खात्याला जोडलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरमधे बसवलेला छोटा प्रोग्राम, मागच्या दारानं हजर. तिसरं, मेमरी कार्ड, रिसेटनं ते आपोआप साफ होत नाही, त्यातली एपीके तशीच पडून असती अन घरातलं कोणीतरी पुन्हा तिच्यावर बोट ठेवतं.

म्हणून रिसेट मारायचाच तर असा मारा. फोटो, नंबर, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. कार्ड बाहेर काढा, कॉम्प्युटरला लावून त्यातल्या एपीके उडवा. रिसेट सेटिंगमधूनच करा. चालू करताना नंबर अन फोटो परत घ्या, ॲपच्या यादीवरची टिक मात्र काढा, लागेल ते ॲप एकेक करून हातानं टाका. आणि दुकानात यायच्या आधी फोनमधल्या गुगल खात्याचा मेल आयडी अन पासवर्ड आठवून या, बटनं दाबून रिसेट करावा लागला तर फोन तेच जुनं खातं मागतो, अन ते खातं 'मागच्या दुकानवाल्यानं काढून दिलं होतं' असं असलं की मलाही काही करता येत नाही.